वजनासाठी घेतलेला माणूस

शिडाच्या होडीत मला घेतलं ते माझ्या वजनासाठी. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी उगाच नम्रपणा करतोय. तसं नाही. रोह्याच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथून निवृत्त झालेले एक साहेब एका दुपारी जुन्या लोकांना भेटायला आले होते. मी कँटीनमध्ये दुसऱ्यांदा भात घेत होतो. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग शेजारी येऊन बसले आणि पोहता येतं का म्हणून विचारलं. मी पेणचा, खाडीत डुंबत वाढलेला, येतं म्हणालो. रविवारी सुट्टी असते का? असते. मग मुलीच्या स्थळाची चौकशी करावी तशा आवाजात त्यांनी वजन विचारलं. मी जरा कमी करून सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. "एवढंच?" म्हणाले. तेव्हा मी खरा आकडा सांगितला आणि माझी नेमणूक झाली.

साहेबांनी निवृत्तीनंतर एक छोटी यॉट घेतली होती. त्यांच्यासारखेच आणखी काही हौशी लोक मिळाले आणि पेणच्या खाडीवर त्यांनी एक क्लब काढला. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, पुढे सिमेंटचा ओटा, लाकडी धक्का आणि एक संडास. रोह्याचे एक डॉक्टर अध्यक्ष होते. पावसाळा सरला की भरतीची वेळ बघून रविवारी शर्यती व्हायच्या.

यॉटचा मालक सुकाणू धरतो. बाकीचे दोर ओढतात, शीड फिरवतात आणि वाऱ्याने होडी कलायला लागली की उंच झालेल्या बाजूला कडेवर बसून तिला उलटू देत नाहीत. या बाकीच्यांना क्रू म्हणतात. आमच्या क्रूमध्ये तिघं होतो. एक काका होते, त्यांची हयात मिठागरात गेलेली आणि बोलणं अगदी मोजकं. दुसरी गडब गावची एक ताई. हायवेलगत तिचं शिलाईचं दुकान. फाटलेलं शीड शिवायला साहेबांनी तिच्याकडे दिलं होतं. शिवलेलं नीट बसतंय का बघायला ती होडीत चढली ती पुन्हा उतरलीच नाही. तिसरा मी. त्या दोघांना काम असायचं. मी इकडून तिकडे सरकायचो. साहेब ओरडायचे, "डावीकडे", की मी डावीकडे. पण वारा भरून होडी सुटली, की कडेवर बसून मागे झुकलेलं असताना जे वाटायचं, तसं मला आयुष्यात दुसऱ्या कशाने वाटलेलं नाही.

क्लबात आम्हाला कुणी वाईट वागवत नसे. चहा मात्र मालकांना कपबशीतून आणि क्रूला कागदी पेल्यातून. संडासाला कुलूप असे आणि किल्ली सभासदांकडे, म्हणजे मालकांकडे. एखादा मालक दूर धक्क्यावर उभा राहून वाऱ्याबद्दल बोलत असायचा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत आम्ही अदबीने ताटकळायचो. ताईने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं की घरून निघाल्यावर ती पाणी पीत नाही.

मग एका रविवारी मी पडलो. वारा चांगला होता, आम्ही तिघं बाहेर झुकलो होतो आणि वारा एकाएकी बंद झाला. काका आणि ताई चटकन आत आले. मला तेवढं चटकन काही जमत नाही. मी पाठीवर खाडीत. ओहोटी लागली होती, त्यामुळे बुडण्याचा प्रश्न नव्हता, पण पाय टेकले ते थेट चिखलात आणि मी कमरेपर्यंत रुतलो. लाइफ जॅकेट मला वर ओढत होतं, चिखल खाली ओढत होता आणि मी मधोमध अगदी स्थिर. डॉक्टर मोटरबोटीतून आले. त्यांनी माझी नाडी बघितली, डोळे बघितले आणि साहेबांना हाक मारून विचारलं, "हे आपले मेंबर आहेत का?" मला वर घेण्याच्या आधी हे विचारलं, एवढं मला आठवतं. डॉक्टर म्हणतात, आधी घेतलं. आमचा त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

त्यानंतर सभा लागली. डॉक्टरांचं म्हणणं होतं की बाहेरचा माणूस क्लबाच्या शर्यतीत पडला, बुडला, तर जबाबदार कोण? विमा फक्त सभासदांचा. शिवाय शेड वापरायची, चहा प्यायचा, धक्क्याला यायचं आणि क्लबाचं मात्र कुणी व्हायचं नाही, हे चालणार नाही. शर्यतीत उतरणारा प्रत्येक जण सभासद हवा. आमचे साहेब तावातावाने विरोधात बोलले. क्रू म्हणजे पाहुणे. घरी जेवायला बोलावलेल्या माणसाकडून आपण पानाची वर्गणी घेतो का, असं त्यांनी विचारलं. सभासद करा म्हटलं तर निम्मे येणारच नाहीत, मग होड्या हाकणार कोण? हे सगळं आम्ही बाहेर ओट्यावर बसून ऐकलं. सभेत फक्त सभासद बसू शकत होते. ताईने न राहवून खिडकीतून एकच प्रश्न टाकला.

"डॉक्टर, माणूस मेंबर झाला म्हंजे बुडायचा रहातो का?"

डॉक्टरांनी ठराव मताला टाकला आणि तो मंजूर झाला.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. होडीत बसायला मेंबर व्हायचं, हे तिला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. आमच्या रामवाडीत बसायला कट्टे काय कमी आहेत, असं तिचं म्हणणं. साहेबांनी तिघांची वर्गणी स्वतः भरायची तयारी दाखवली. ताईने साफ नाही म्हटलं. भरायची तर स्वतःची भरीन, आणि मग किल्लीही स्वतःच्या हाताने घेईन, म्हणाली. तिच्या मागोमाग काका, काकांच्या मागोमाग मी. इतर होड्यांवरचे लोकही होय-नाही करत झाले सभासद.

यात एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली नव्हती. प्रत्येक होडीला मालक एक आणि क्रू दोघं-तिघं. वार्षिक सभेला शेड गच्च भरली. हात वर करायची वेळ आली तेव्हा मालक मंडळींनी मागे वळून बघितलं आणि त्यांना हिशेब कळला. संडासाची किल्ली बाहेर खिळ्याला टांगायची, हा पहिला ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. सगळ्यांना एकाच प्रकारचे कप, हा दुसरा. सचिव कुणाला करायचं यावर गोंधळ झाला, तेव्हा ताई म्हणाली की ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्यालाच करा. मी नको म्हणायला उठलो. मी उभा राहिलो हे बघून लोकांना वाटलं, मी आभार मानतोय. टाळ्या झाल्या आणि मी सचिव झालो.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. कारखान्यात मी कधी साधा युनियनचा खजिनदारही झालो नव्हतो. पण पुढच्या रविवारी कळलं की सचिवाने धक्क्यावर टेबल टाकून बसायचं, शिट्टी वाजवून शर्यत सोडायची आणि तक्रारींवर निकाल द्यायचा. होडीत चढायचं नाही. मी शिट्टी वाजवली आणि आमची होडी माझ्याशिवाय निघून गेली. हलकी झाल्यामुळे ती नुसती डगमगत होती. साहेब सवयीने "डावीकडे" म्हणून ओरडले तेव्हा मी खुर्चीत डावीकडे सरकलो.

त्याच्या पुढच्या रविवारी आमची होडी एकदम झकास पळायला लागली. मला आश्चर्य वाटलं. ती दुसरी आली आणि मागच्या होडीवाल्याने लगेच माझ्याकडे तक्रार केली. जाऊन बघतो तर माझ्या जागेवर मिठाच्या गोणी. काकांनी मिठागरातून आणलेल्या. लाटांनी निम्मं मीठ विरघळलं होतं आणि गोणी लुळ्या होऊन पडल्या होत्या. शर्यतीत माणसांशिवाय दुसरं वजन चालत नाही, हे साहेबांनाही पक्कं ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघेनात. काका मान खाली घालून गोणी पिळत होते.

"गोणी मेंबर नाय म्हणून बाद का?" ताईने विचारलं.

मी निकाल दिला. आमची होडी बाद. मालकांतले दोघं-तिघं माझ्या नि:पक्षपातीपणाबद्दल माझा हात हातात घेऊन बोलले. मला त्यांच्या हातात हात ठेवून उभं राहावंसं वाटत नव्हतं. साहेब चहाही न घेता निघून गेले.

आठवड्याने ते रामवाडीला आमच्या घरी आले. बायकोने त्यांच्यापुढे कोलीम, म्हणजे बारीक जवळा, घालून केलेली वांगी आणि भाकरी ठेवली. जेवून झाल्यावर ते म्हणाले, "गोणी बोलत नाहीत हो. मी ओरडतो, पण पलीकडे कुणीच नसतं." मी म्हटलं, मी बोलायचो कुठे? त्यावर ते म्हणाले, धापा टाकायचात ना.

मी ठरवलं की ही सभासदकीची सक्तीच काढून टाकायची. म्हणजे मालकाने हवा तो माणूस बसवावा आणि मी सभासदकीसकट खुर्ची सोडून पुन्हा होडीत बसावं. सभेत ठराव मांडला आणि मी चाटच पडलो. डॉक्टर विरोधात जाणार हे ठाऊक होतं. पण सगळ्यात आधी उठले ते काका. एरवी होडीतही एक शब्द न बोलणारा माणूस.

"आमी पैसं भरून आलो. आता कुनी पन फुकट येल? त्ये नाय व्हनार."

त्या पहिल्या सभेच्या वेळी ओट्यावर बसून आमच्याबरोबर खिडकीतून ऐकणारे सगळे जण आता माना डोलवत होते. बाहेरच्यांनी येऊन कप फोडले तर, किल्ली हरवली तर, अशा शंका निघायला लागल्या. एकाने तर विम्याचा मुद्दा काढला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या दवाखान्यातही कधी बघितलं नव्हतं. साहेब एकटेच माझ्या बाजूने. मी जागेवर बसून राहिलो. मला राग आला होता आणि त्याच वेळी हसूही येत होतं, कारण कप फोडले तर, हा विचार ठराव मांडायच्या आधी माझ्याही मनात येऊन गेला होता.

शेवटी तोडगा ताईने काढला. नवीन माणसाला सुरुवातीचे काही रविवार पाहुणा म्हणून येऊ द्या. त्या दिवसाचा विमा मालकाने उतरवायचा. मग त्याला क्लब आवडला आणि क्लबाला तो आवडला तर सभासद. दुकानात ती आधी कच्ची शिलाई घालते, अंगाला बसतंय असं दिसलं की मग पक्की, असं तिने समजावलं. डॉक्टरही हो म्हणाले. सचिवपद मी तिथल्या तिथे तिच्याकडे दिलं. ती शिट्टी फार जोरात वाजवते, पण होडीतलं तिचं काम दुसऱ्या कुणाला जमत नसल्यामुळे टेबलावर आता सगळे पाळीपाळीने बसतात. हे आधी कुणाला का सुचलं नाही, कळत नाही.

पाहुणी म्हणून पहिल्यांदा आली ती माझी बायको. साहेबांनीच आग्रह केला, "वहिनी, एकदा बघा तर." ती पदर खोचून माझ्या शेजारी कडेवर बसली. साहेब "उजवीकडे" म्हणाले तेव्हा ती म्हणाली, आत्ताच तर इकडे बसलोय, जरा थांबा. आणि साहेब थांबले. मी इतके रविवार त्यांच्या होडीत काढले होते, त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी आम्ही शेवटून दुसरे आलो.

तिचे पाहुणेपणाचे रविवार संपले तेव्हा डॉक्टर स्वतः तिला सभासद व्हा म्हणून सांगायला आले. तिने विचार करून सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.