तात्यांची चूळ

किळस आली की तात्या चूळ भरत. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, तेव्हा साताऱ्यात मी त्यांच्या हाताखाली वकिलीची उमेदवारी करत होतो. टेबलापाशी पाण्याचा तांब्या असे. पलीकडच्या पक्षाचा कागद वाचता वाचता ते तडक उठून मोरीकडे जात आणि परत येऊन म्हणत, "माणसाच्या तोंडावर मराठीत जे बोलवत नाही, ते हे लोक इंग्रजीत लिहितात."

हौसाबाईच्या दाव्यात असाच एक शब्द आला, प्युटेटिव्ह. बाई पाटणकडची. नवरा फौजेत गेला आणि परमुलखात मारला गेला. त्याच्याशी तिचा पाट लागलेला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आणि तो लावून द्यायला पुढे होता धाकटा दीर. आता भावाचं शेतरान गिळायचं म्हणून त्याच दिराने सांगलीहून वकील आणला, आणि त्या शहाण्याने लिहिलं, ही मयताची प्युटेटिव्ह वाइफ. म्हणजे लोक बायको समजतात ती. खरी असेलच असं नाही. थू! शब्द इतका गुळगुळीत, की शिवी दिल्याचं कुणाला कळूही नये.

तात्यांनी दिराला पिंजऱ्यात उभं करून एवढंच विचारलं, की या बाईंकडे बघून मराठीत सांगा, या तुमच्या कोण? मला वाटलं, मान खाली घालेल. कसली मान! सरळ तिच्याकडे बघत तो निर्लज्ज म्हणाला, "कोन न्हाई."

तात्यांनी त्याला सोडलं. तो खाली उतरला, तर वाटेत बाकाच्या टोकाला हौसाबाई बसलेली. "वैनी, जरा सरा की," तो सवयीने बोलून गेला. तात्यांनी आवाज न चढवता न्यायाधीशसाहेबांना विनंती केली, की साक्षीदार आत्ता काय म्हणाला ते लिहून घ्यावं. सांगलीच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

दावा आम्ही जिंकलो. पेढे नाहीत की काही नाही. तात्या त्या दिवशीही चूळ भरायला गेले. परत आले तर हौसाबाई त्यांच्या ओसरीवर तशीच बसून.

"रान मिळालं, तात्या," ती म्हणाली, "पर मला वैनी म्हननारा त्यो एकलाच हुता."

तात्यांनी हातातला तांब्या तिच्यापुढे सरकवला.

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. तांब्या आता माझ्या टेबलापाशी असतो. असला एखादा शब्द समोर आला की मीही उठून मोरीकडे जातो. तोंडाची कडू चव मात्र जात नाही. त्यांचीही कधी गेली नसावी.