कर्णाकाकूंच्या घरात अडगळ नव्हती

कर्णाकाकूंच्या घरात ‘अडगळ’ या शब्दाला बंदी होती. कुणाच्या तोंडून निघालाच, तर त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, “म्हणजे काय? मोडलंय, की तुला त्याचा कंटाळा आलाय?” मोडक्याला त्या मोडकं म्हणत, जुन्याला जुनं. काडी तुटलेली छत्री ‘नादुरुस्त’ होती. काकांच्या पश्चात राहिलेली त्यांची टोपी ‘बिनडोक्याची’ होती. “अडगळ म्हटलं की एवढंच कळतं, की कुणाला तरी ते नकोय,” त्या म्हणत. “का नकोय, ते विचारलं की लोक चिडतात.”

त्यांचं हे नाव पडलं ते पत्र्याच्या कर्ण्यावरून. बेचाळीसच्या चळवळीत ठाण्याच्या आमच्या आळीतून प्रभातफेरी निघायची, तेव्हा काकू पुढे असत आणि घोषणा त्या कर्ण्यातून देत. कर्णा एका बाजूने चेपलेला होता. पोलिसाच्या लाठीने चेपला, असं आळी अभिमानाने सांगायची. काकू ते खोडून काढत. “छे गं, जिन्यावरून माझ्याच हातून पडला. लाठी माझ्या खांद्याला लागली.”

स्वराज्य आलं आणि आळीतले कर्णे, कापडी फलक, खादीच्या पिशव्या एकेक करून माळ्यावर गेल्या. काकूंचा कर्णा दाराशेजारच्या खुंटीवरच राहिला. रेशनच्या गव्हात खडे निघाले, की काकू दारापुढच्या ओट्यावर उभ्या राहून कर्ण्यातून ती बातमी साऱ्या आळीला देत. समोर राहणारे अण्णा जेलमध्ये जाऊन आलेले, आता आळीचे पुढारी झालेले. ते एकदा म्हणाले, “काकू, आता आपलंच राज्य आहे. हे कशाला?”

“गप्पच बसायचं होतं, तर मिळवलं कशाला, अण्णा?”

काकूंच्या शेजारच्या आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले तीच त्यांवर. पण पत्रकातलं वाक्य तोंडाने, माणसासमोर उभं राहून म्हणायचं असतं, हे मला या बाईने दाखवलं.

आळीच्या मागे एक चाळ होती. तिथल्या बायकांना आळीच्या विहिरीला हात लावू देत नसत. घागरी घेऊन त्या लांब उभ्या राहत. आळीतल्या कुणाला सवड झाली आणि दया आली, की वरून पाणी ओतलं जाई. निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराने त्या चाळीला नळ द्यायचं कबूल केलं. तो निवडून आला. नळ आला नाही. काकू रोज स्वतः शेंदून त्या घागरी भरत. भीमाबाई नावाची चाळीतली एक बाई त्यांना म्हणायची, “काकू, तुमचं हात किती दिस पुरनार?” काकूंना याचंच उत्तर हवं होतं.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला अण्णांच्या समितीने चौकात मांडव घातला. भाड्याचा लाउडस्पीकर आणला, देशभक्तीच्या गाण्यांच्या तबकड्या आणल्या. निवडून आलेले तेच गृहस्थ पाहुणे होते. एका टेबलावर चळवळीतल्या वस्तू मांडायच्या होत्या, म्हणून अण्णा स्वतः येऊन काकूंचा कर्णा मागून घेऊन गेले. काकूंनी तो पुसून दिला. त्या दिवशी त्या खुशीत होत्या.

मांडवात काकू आणि मी, दोघी गेलो. कर्ण्याला हार घातला होता. शेजारी चरखा आणि जेलमधला थाळा. टेबलावर पाटी होती: ‘आता वापरात नसलेल्या वस्तू.’

काकूंनी पाटी वाचली. कर्ण्याचा हार काढून चरख्याला घातला. कर्णा तोंडाला लावला आणि व्यासपीठाकडे वळून विचारलं, “मागच्या चाळीत नळ कधी येणार?”

पाहुणे हसले. “बाई, आजचा दिवस आनंदाचा आहे.”

“म्हणून तर विचारतेय. दुःखाच्या दिवशी तुम्ही कुठे येता?”

अण्णांनी खूण केली. तबकडी सुरू झाली आणि काकूंचा आवाज त्यात बुडाला. त्यांनी कर्णा खाली घेतला. गाणं संपेपर्यंत शांत उभ्या राहिल्या, एका ओळीवर मानही डोलावली. गाणं संपलं. सुई उचलून दुसरी तबकडी लावेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात कर्णा पुन्हा वर. “मागच्या चाळीत नळ कधी येणार?”

दुसरं गाणं. मग पुन्हा तोच प्रश्न. तबकडीवाला घाईघाईने सुई ठेवायला लागला. अण्णा जवळ येऊन दातओठ खात म्हणाले, “काकू, शोभतं का हे?” काकू म्हणाल्या, “अण्णा, तुरुंगाच्या दारात तुम्ही याहून मोठ्याने ओरडला होतात. छान दिसत होतात.” पुढचं गाणं थांबलं तेव्हा काकूंनी तोंड उघडायच्या आतच मांडवाभोवती बांधलेल्या दोरीपलीकडून, चाळीतल्या बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, “नळ कवा?” तो भीमाबाईचा होता.

पाहुणे भाषण न करता गेले. समितीने काकूंना पुन्हा कधी बोलावलं नाही. काकूंनी मात्र पुढच्या एकाही पंधरा ऑगस्टला जायचं सोडलं नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. टिटवाळ्याचा भाचा त्यांना न्यायला आला. सामान बांधताना कर्णा ट्रंकेत मावेना. “आत्या, ही अडगळ राहू दे इथेच,” तो म्हणाला. मी काकूंकडे पाहिलं. नेहमीचा प्रश्न येईल म्हणून थांबले. त्यांनी तो विचारला नाही. नुसता हात पुढे केला, कर्णा घेतला आणि पदराने पुसला. तो मलाच मिळणार, अशी माझी खात्री होती. मी हातही पुढे केला होता.

काकूंनी तो निरोप द्यायला आलेल्या भीमाबाईच्या हातात ठेवला.

माझा चेहरा त्यांना दिसला असावा. म्हणाल्या, “तुला लिहिता येतं, बाळ. हिच्याकडे अजून नळ नाही.”