बैलांच्या माघारी

आमच्या बांधाशेजारचे काका गोठ्यात ट्रॅक्टरचा विषय काढू देत नसत. "हळू बोल, ऐकतेत ते," म्हणत मला बाहेर ओढत. निजामाच्या राज्यात आमच्या गावात तोवर कुणाच्याच दारी ट्रॅक्टर नव्हता. काकांना तो घ्यायचा होता, पण पसंत करायला औरंगाबादला जायचं, तेही बैलगाडीनंच; मीही सोबत निघालो. काकांनी गाडी दुकानापासून लांब सोडली आणि बैल भिंतीकडं तोंड करून बांधले.

ट्रॅक्टर पसंत पडला, तसा दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "अब बैलां का क्या काम? बेच डालो!"

काकांनी घाईनं दुकानाचं दार लोटून घेतलं.

परतताना ते गाडीत बसलेच नाहीत. कासरा धरून, मान खाली घालून वाटेतल्या शेंद्रा गावापर्यंत बैलांच्या बरोबरीनं चालले.

"बसा की, काका."

"कोणत्या तोंडानं बसू रे?"

मग मीही खाली उतरलो.