चार लोकांपुढे

"ताई, सुरमईचं कालवण तुम्ही केलंत? असं कुठं खाल्लं नव्हतं," पाहुणा म्हणाला.

मी लाजून हसले. त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं.

त्याचा हात ताटातच थांबला.

मालकीण घाईने पुढे आली. "छे, छे! स्वयंपाक माझ्याच हातचा. ही भांडी घासते. हो ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात डाव. बोटं हळदीने पिवळी.

"व्हय," मी मान डोलावून म्हणाले. "भांडीच घासते."

नागावात नारळाच्या वाडीतलं ते घर. मुंबईचे पाहुणे येऊन राहायचे. सहा वर्षं ते माझ्या हातचं जेवले. त्या दुपारी मी खरंच भांडी घासली, चुलीपाशी डाव ठेवला आणि निघाले. परत गेले नाही.

वस्तीत कुणाला सांगितलं नाही. आम्ही आज्यापासून बौद्ध. मान वर करून चाल, हे आईने शिकवलेलं. आणि मी मान डोलावली होती. मालकिणीच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त सलायचं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघत नसे.

फक्त रेबेकामावशीकडे जायचे. गावातली शेवटची ज्यू म्हातारी. मुलं इस्राएलला. तिला दिसायचं नाही, म्हणून मी तिला वाचून दाखवायचे. त्यांचा दारफाळणीचा सण आला होता. त्या दिवशी कडक उपास करून, दार लावून देवाकडे क्षमा मागतात. आदल्या दिवशी तिने योना संदेष्ट्याची गोष्ट वाचायला लावली. एका जुलमी शहराचा नाश करायचं देवाने ठरवलेलं. योना तसं सांगून आला. तर राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, लोकांनी जुलूम सोडला, आणि देवाने सगळ्यांना माफ केलं. योना चिडला. असल्या लोकांना माफी?

"बरोबर हाय त्याचं," मी म्हणाले. आवाज चढला होता.

"तुझं कुणी काय केलं गं?" मावशीने विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. माझं मान डोलावणंही.

तिने चाचपत माझा हात धरला. मग म्हणाली, "राख बघून देव विरघळला न्हाय. त्यांनी जुलूम टाकला, ते बघितलं त्याने. आणि माणसाला दुखवलं असेल तर आधी त्या माणसाकडं जायचं. त्याच्याआधी देवसुद्धा माफ करत न्हाय."

"आमच्यात देव न्हाय, मावशी."

"नसू दे. चूक हाय ना? तिची हाय. तुझी पण हाय. तू स्वतःलाच खोटं पाडलंस."

मला राग आला. उठून घरी आले. रडलेही. पण ती खोटं बोलली नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर मालकीण माझ्या दारात. हातात मिठाईचा डबा. "चुकलं गं माझं. देवापुढं नाक घासलं मी. आता ये ना परत." डोळ्यांत पाणी होतं. खोटं नसावं. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्या दारात आलं होतं. मन हललं माझं.

"वहिनी," मी म्हणाले, "खोटं तुम्ही चार लोकांपुढं बोललात. मीही बोलले. पाहुणे आले की त्यांच्यापुढं माझं नाव घ्या, आडनावासकट. सांगा, स्वयंपाक हिचा. मी तिथंच उभी राहून सांगेन की मी खोटं बोलले होते. मग येते कामाला."

"धंदा बसेल माझा."

"मग चुकलं कशाला म्हणता? तुम्हाला नुसती कामाला बाई पाहिजे."

ती डबा घेऊन परत गेली. मी माजले, असं गावभर सांगितलं. नागावात मला कुणी काम देईना. पुढे मावशीलाही मुलगा घेऊन गेला. मी थळला खोली घेतली. तिथल्या कारखान्यातल्या कामगारांचे डबे करते. ओळखीचं कुणी नाही इथे.

मालकीण अजूनही वळू शकते. वळली तर मी योनासारखी रुसून बसणार नाही. पण तोवर तिच्या अश्रूंसाठी मी एक पाऊल मागे येणार नाही. एकटीने जगावं लागलं तरी चालेल, जगेन. स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही.