गोपाळनं बटण एकदाच दाबलं होतं

पिंगळीच्या धम्मपाल इलेक्ट्रिशियनचा हात चांगला. परभणीच्या आसपास कुठल्या कापसाच्या जिनिंगात, कुठल्या दाळमिलीत मोटार रुसली की मालकांना आधी त्याचीच आठवण येते. त्याला त्याचा थोडा तोराही होता. आपण लावलेला बोर्ड चुकतच नाही, असं तो बायकोपाशी बोलूनही दाखवायचा.

झरी रस्त्यावरच्या एका जिनिंगात त्यानं रुई दाबायच्या प्रेसची मोटार चालू-बंद करणारा जुना, जाडजूड रिले काढून स्वतःचा नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवला. काम साधं. बटण दाबलं की लोखंडी दाब खाली येतो, रुई चेपतो, आपसूक वर जातो. मग मजूर आत हात घालून रुई सारखी करतात.

प्रेस चालवायचा गोपाळ. हात कायम तेलकट, म्हणून बटण बोटानं न दाबता तो त्यावर मूठ हाणायचा. वीस वर्षं असंच चाललं होतं.

जोडणी संपून तिसऱ्या दिवशी दुपारी काम सुरू झालं आणि गोपाळनं पहिली मूठ हाणली. दाब खाली आला, वर गेला. पंडित नावाच्या मजुरानं रुईत दोन्ही हात घातले आणि दाब पुन्हा खाली आला. डावा हात त्यानं ओढून घेतला, उजवा कोपरापर्यंत आत राहिला. त्याचं तोंड उघडं दिसत होतं, पण ओरडणं यंत्राच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. पांढरी रुई बघता बघता लाल झाली.

पंडितला जीपमध्ये घालून परभणीला नेलं. मागे राहिलेल्या त्याच्या भावानं, हरिओमनं, गोपाळची गचांडी धरली.

"किती डाव दाबलं?"

"एकच डाव."

हरिओमनं रुईच्या गाठीला बांधायची लोखंडी पट्टी उचलली. "किती डाव?"

"एकच, देवाशपथ."

पट्टी कपाळावर बसली, मग कानावर. बाकीच्यांनी लाथा घातल्या. एवढे दिवस त्याच्या डब्यातली भाकर खाणारे हे लोक, एकाचाही पाय अडखळला नाही. नाकातोंडातून रक्त यायला लागलं तेव्हा गोपाळ म्हणाला, "दोन डाव दाबलं बाबांनो. दोन डाव."

धम्मपाल तेव्हा आत बोर्ड उघडून बसला होता. मोटारीची लाईन तोडून त्यानं बटण बोटानं दाबलं. बोर्डावर आकडा आला: एक. त्याला हायसं वाटलं. मग आकडा शून्यावर आणून त्यानं गोपाळसारखी मूठ हाणली. आकडा आला: दोन. परत शून्य करून हाणली. तीन.

बटणाच्या पोटातले पत्रे एकमेकांवर आपटले की लगेच ठरत नाहीत, क्षणभर थरथरतात. जुन्या जड रिलेच्या ती थरथर गावीही नव्हती. नवा बोर्ड चपळ, तो प्रत्येक थरथर म्हणजे बटण पुन्हा दाबलं असं मोजायचा, लक्षात ठेवायचा आणि लोखंडी दाब तेवढ्यांदा खाली आणायचा. ती गिळायला बटणामागं एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टन्स लागतो. आयटीआयत शिकवलं होतं. पण घरच्या टेबलावर कोऱ्या बटणाला बोट लावून त्यानं बोर्ड तपासला, आकडा दर वेळी एकच आला, आणि शहाण्यानं ते दोन सुटे भाग बसवलेच नाहीत.

दारात मालक व्यंकटराव उभे होते. "त्यानं कबूल केलंय. तू कशाला मधी पडायलास? झाक ते."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मालकाचं काय जातं? आणि खरं सांगायचं तर धम्मपालनं झाकण लावलं. बाहेरच्या गर्दीत आपल्या बाजूचं कोणीच नाही, ही त्याला भीती होती. दोन स्क्रू पिळून झाले. तेवढ्यात बाहेर गोपाळ परत ओरडला, तसा पेचकस टाकून तो गर्दीत घुसला.

"सोडा त्याला. त्यानं एकच डाव दाबलंय. चूक माझ्या बोर्डाची हाय."

हरिओमची पट्टी त्याच्या गालावर बसली. तो पडला. पाठीवर, बरगड्यांवर लाथा पडत राहिल्या, मग अचानक थांबल्या. गोपाळ गुडघ्यांवर सरकत येत होता. लोकांनी वाट दिली. आता हा हात जोडून सोडवेल, असंच सगळ्यांना वाटलं.

गोपाळनं मूठ वळली आणि धम्मपालच्या तोंडावर हाणली. दोन दात मातीत पडले.

"मार खाऊन खाऊन मलाच खरं वाटायलं होतं रे," तो रडत म्हणाला, "की पंडितचा हात मीच तोडला." आणि त्यानं पुन्हा मूठ उगारली.

धम्मपालनं तोंड झाकलं नाही.