बाबांनी अस्वलाकडे पाठ फिरवली

आधीच सांगतो, भूत, चकवा, बाहेरचं वगैरे प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी अकोल्यात वकिली करतो. पुरावा दाखवा, मग बोला — असा आपला खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण सांगू कुणाला? बायकोने तर ऐकून ऐकून कानांवर हात ठेवलेत.

माझे बाबा हिवरखेडचे. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा भाजीपाल्याचा मळा, बांधावर बोरी. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने उजवा डोळा गेलेला आणि डावाही जेमतेम काही महिने साथ देईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तर बाबांनी हट्ट धरला, "डोये जायाच्या आंधी मले एक डाव अस्वल पाहाचं हाये." काशी नाही, रामेश्वर नाही... अस्वल! त्यांच्या लहानपणी मळ्यात बोरं खायला यायचं म्हणे.

तीनदा मेळघाटात सफारीला नेलं. तिन्ही वेळा रानगवे, मोर आणि नाकातोंडात धूळ. मागच्या एप्रिलमध्ये चौथ्यांदा गेलो, नरनाळ्याच्या बाजूने. जिप्सीत ड्रायव्हर, गाइड सुगंधाताई आणि आम्ही दोघं. सकाळी साडेसातच्या सुमाराला ताईंनी एका भल्यामोठ्या वारुळापासून चाळीसेक फुटांवर गाडी थांबवली. "अठी वाळवी खायले येते ते. आता गप बसा," म्हणाल्या. मी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला... आणि आमचे बाबा सीटवर उलटे फिरून, वारुळाकडे पाठ करून बसले!

"बाबा, अहो इकडे बघा ना!"

"अस्वलाकडं टक लावून पायत नसतात, बापू. मळ्यात आलं का आमी पाठ फिरवून उभे राहो. मंग ते बिनघोर खाते अन् आपल्या वाटेनं जाते."

पहाटे उठून, अंधारात गाडी हाकत ज्यांना अस्वल दाखवायला आणलं, तेच पाठ फिरवून बसलेले! मी दात-ओठ खात व्हिडिओ घेत राहिलो. तेवढ्यात बाबांनी हात जोडले. "आली... मादी हाये. पाठीवर दोन पिल्लं. डावा कान फाटेल हाये तिचा."

वारुळाजवळ काही म्हणजे काही नव्हतं. आम्ही तिघं धडधाकट डोळ्यांची माणसं, ताईंच्या हातात दुर्बीण. माझं डोकंच सटकलं. सगळ्यांदेखत ओरडलो, "तुम्हाला समोरचं दिसत नाही, पाठीमागचं काय दिसणार!" बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्याची मला अजून लाज वाटते.

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "गेली."

ताईंनी माझा दंड धरला. वारूळ फुटलेलं होतं. मधोमध मोठं भगदाड, त्यातून माती अजून घरंगळत होती. गाडी जवळ नेली, तर लांब नखांचे ताजे ठसे. ताई पुटपुटल्या, "फाटक्या कानाची, दोन पिल्लंवाली मादी हाये ना या पट्ट्यात. पण मी तं तुमाले सांगतलंच नोतं..."

तो व्हिडिओ मी किमान पन्नास वेळा पाहिलाय. एका क्षणी वारूळ अख्खं, पुढच्या क्षणी फुटलेलं. मध्ये कट नाही, मोबाईल हललेला नाही, अस्वलाचा एक केसही नाही. माझं ओरडणं मात्र अक्षरन् अक्षर ऐकू येतं. पुरावा मिळाला तो एवढाच!

आता बाबांचा डावा डोळाही गेलाय. तक्रार नाही, पाहायचं ते पाहून झालं म्हणतात. परवा मी त्यांची माफी मागितली. मग राहवेना म्हणून विचारलंच. कारण खरं सांगतो, माझ्याकडे आजही याचं काही स्पष्टीकरण नाही.

"बाबा, आम्हा तिघांना ती का नाही दिसली?"

"तू पाठ फिरवली होती काय?"

"नाही..."

"मंग कशी दिसन तुले?"