शब्दाला शब्द

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. वडिलांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही — आणि कृपा करून समजूतदार चेहरा करू नका. मला त्याची चीड येते.

माझी चुलतबहीण अमेरिकेत आमदार होती. खासदार वगैरे नव्हे, तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत. पण इथे कुवेतमध्ये आमच्या लोकांना तेवढंही डोक्यावर घेऊन नाचायला पुरलं. अबू हलीफाला आमच्या बिल्डिंगखालचा दुकानदारसुद्धा मला ‘आमदारांची बहीण’ म्हणायचा. माझं नाव स्मिता आहे. कोणाला हवंय ते?

तिचं नाव रेवती. तिचे वडील, म्हणजे माझे मोठे काका, ती लहान असतानाच गेले. काकू जहराला एका दवाखान्यात नर्स, तिच्या ड्युट्या वेड्यावाकड्या, म्हणून रेवती आमच्याकडेच वाढली. एक गादी, एक कपाट, एकच कंगवा. माझे वडील अम्गराला भंगार यार्डात फोरमन होते. दोघींपैकी एकीलाच परदेशी शिकायला पाठवण्याची त्यांची ऐपत. माझी बारावी होऊन वर्ष झालं होतं, तिची नुकतीच. वडील म्हणाले, “ती दादाची पोर. तिला जाऊ दे. तू काय, घरचीच आहेस.”

घरचीच राहिले मी. टायपिंग ऑफिसात लोकांचे अरबी कागद इंग्रजीत करते आणि खाली शिक्का मारते. आणि ती? बर्फात घरोघरी दारं ठोठावत फिरली, एकदा हरली, मग निवडून आली. घरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांना आजारपणाची रजा मिळावी म्हणून तिने कायदा करून घेतला. चांगलं काम होतं. मला ते चांगलं आहे हे कळत होतं, आणि म्हणूनच ते सहन होत नव्हतं — हे तुम्हाला कळतंय का? ती वाईट असती तर मी सुखी असते.

मग एका हिवाळ्यात ती इकडे आली. आपल्या लोकांनी हॉल घेऊन तिचा सत्कार केला. आदल्या दिवशी जेवताना तिनेच आम्हाला सांगितलं होतं की तिचे म्हातारे विरोधक, ज्यांना हरवून ती आमदार झाली, ते आता व्हीलचेअरवर आहेत. घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तरी पुन्हा निवडणूक लढवणार म्हणतात. ती इस्पितळात त्यांना भेटूनही आली होती. हे सगळं मला माहीत होतं. नीट लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

सत्कारात ती मराठीत बोलली. माझ्या वडिलांचं नाव घेतलं, काकांमुळे मी शिकले म्हणाली, वडील पहिल्या रांगेत रडले. माझ्यासाठी ते कधी रडले होते? मग कोणीतरी पुढच्या निवडणुकीचं विचारलं. ती हसून म्हणाली, “मागच्या वेळी आजोबांना पाडलं. आता असं पाडू, की पुन्हा उभं राहायचं नाव काढणार नाहीत!” सगळा हॉल हसला. का नाही हसणार? निवडणुकीत माणूस उभा राहतो, निवडणुकीत माणूस पडतो. मराठीत हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी मोबाइलवर ते घेतलं आणि फेसबुकवर टाकलं. तोवर मनात काही नव्हतं — निदान मला तरी तसं वाटतं.

काही महिन्यांनी अमेरिकेतून एका माणसाचा मेसेज आला. लोक कशाला हसताहेत, एवढंच त्याला हवं होतं. तो कोणाच्या बाजूचा आहे, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. मी इंग्रजी भाषांतर करून दिलं. शब्दाला शब्द. म्हाताऱ्याला मी जमिनीवर पाडलं. आता असं पाडीन, की पुन्हा पायांवर उभं राहण्याचं नाव काढणार नाही. शब्दकोश उघडा आणि चूक दाखवा मला! दाखवता येणार नाही. भाषांतर हा माझा धंदा आहे. कुठे शब्द धरायचा आणि कुठे सोडायचा, त्याचाच मला पगार मिळतो.

ती चित्रफीत, खाली माझं भाषांतर छापून, तिच्या मतदारसंघात घरोघरी पोचली. व्हीलचेअरवरचा म्हातारा, आणि त्याच्यावर खदाखदा हसणारा हॉल.

तिचा फोन आला. आवाज बसला होता. “ताई, तुझा शिक्का आहे ना गं? एवढंच लिहून दे, की पाडणं म्हणजे हरवणं.” मी म्हटलं, “माझा अकामा कंपनीच्या हातात आहे. राजकारणात पडले आणि उद्या इथून हाकलली तर?” अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. कोणी हाकलणार नव्हतं. कोणाला पत्ताही लागला नसता. ती म्हणाली, “बरोबर आहे. तुला त्रास नको.” आणि मग — हेच मला सांगायचं होतं — ती म्हणाली, “माणसानं नाही गं केलेलं हे भाषांतर. मशीननं केलंय. आपलं माणूस असं कसं करील?”

मी म्हटलं, “हो, मशीननंच केलं असणार.”

ती हरली. थोडक्याच मतांनी. पक्षाने पुढच्या वेळी दुसऱ्याला तिकीट दिलं. वडील अजून ज्याला त्याला सांगतात, की तिकडच्या लोकांना माणसांची पारख नाही. मी समोर बसून मान डोलावते. मला वाईट वाटलं का? नाही. पहिले काही दिवस मला गाढ झोप लागली. हेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला माझी कीव करायला जागा उरणार नाही.

आता ती पुन्हा लढते आहे. तिच्या भागात हल्ली मराठी घरं बरीच झालीत, त्यांच्यासाठी मराठीत पत्रकं काढायची आहेत. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, “या वेळी मशीनच्या नादाला लागायचंच नाही. माझं सगळं मराठी तूच बघ, ताई. तुझ्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू?”

मी हो म्हटलं.